अर्धी विहीर

हिरपखेड्यात कुठलीही गोष्ट ती गोष्ट म्हणून बोलण्याची पद्धत नव्हती. सून माहेरी जाऊन बसली तर चावडीवर बैलाचा दृष्टांत निघायचा, आणि बैल बसला तर सुनेचा. एखाद्याने नुसतंच "यानं माझा बांध कोरला" असं म्हटलं तर लोक चुळबुळ करत. माणसाला बोलता येत नाही, असं त्यांना वाटे. "समजा," म्हणून जो सुरुवात करी त्याच्याकडे माना वळत. त्या दृष्टांतावर समोरच्याला दृष्टांत सुचला नाही, की तंटा मिटला असं धरून लोक उठत आणि धोतराची धूळ झटकत. अंबडच्या कोर्टात असं चालत नाही, हे गावाला ठाऊक होतं. त्याबद्दल गावाला कोर्टाची कीव यायची.

या विद्येत काकासाहेब देशमुखांचा हात धरणारा पंचक्रोशीत नव्हता, आणि पुंजारामाइतका कच्चा माणूसही नव्हता. पुंजारामाची अडचण अशी, की दृष्टांतातलं चित्र त्याला खरोखरच दिसायला लागे. कीर्तनात बुवांनी आत्म्याला पिंजऱ्यातल्या पोपटाची उपमा दिली, तर बाकीचे लोक डोळे पुसत आणि पुंजाराम त्या पोपटाला पेरू कोण घालतं याचा विचार करत बसे. त्यामुळे आत्म्याबद्दलची त्याची माहिती शेवटपर्यंत अर्धवटच राहिली.

हे दोघं एकाच विहिरीचे निमे वाटेकरी होते. दोघांच्या बापांनी मिळून ती खोदली होती आणि वाटणीही करून ठेवली होती: एक दिवस देशमुखांची मोट, एक दिवस यांची. दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत. चाळीस वर्षांत त्यावरून कधी आवाज चढला नाही. मग सत्तावन्न सालच्या चैत्रात काकासाहेबांनी जालन्याहून पाणी उपसायचं इंजन आणलं.

इंजनाला नारळ फुटला, हळदकुंकू लागलं, आणि ते टुकटुक करत सुरू झालं ते अंधार पडेपर्यंत थांबलं नाही. गाव बघायला लोटलं होतं. तिसऱ्या प्रहरी विहिरीचा तळ दिसला. चाळीस वर्षांत न दिसलेला तळ म्हणून लोकांनी त्यालाही हात जोडले. पुंजारामाच्या आईची वीस वर्षांपूर्वी पडलेली कळशी तिथे चिखलात रुतलेली सापडली. पुंजाराम ती घासूनपुसून घरी घेऊन आला आणि म्हणाला, "इंजन काय चीज हाय, बघितलंस का?"

त्याची बायको तुळजाबाई कळशीकडे बघून म्हणाली, "कळशी आली. पानी कुठाय?"

दुसऱ्या दिवशी पुंजारामाने मोट जुंपली. विसेक मोटा बऱ्या आल्या, मग अर्ध्या आल्या, मग नुसतं चामडं वर येऊ लागलं. बैल हलकं ओढून बावरले आणि मागे वळून बघू लागले. त्याच्या पुढच्या पाळीलाही तेच. पुंजारामाची दीडशे मोसंबीची झाडं होती, तिसऱ्या सालातली. अजून एक फळ धरलेलं नव्हतं, पण तुळजाबाई प्रत्येक झाडाला ओळीने आणि नंबराने ओळखायची. पाळ्या अशाच कोरड्या जात राहिल्या आणि पानं मुडपून कानासारखी झाली. या वयात मोसंबीनं मान टाकली की ती परत उचलत नाही.

"आणखी दोन पाळ्या अशा गेल्या, तर सरपनाला लाकूड विकत आनायचं काम न्हाई," तुळजाबाई म्हणाली. "चावडीवर जा. पन तिथं जाऊन माती उकरत बसू नका. बोला."

पुंजाराम गेला. पंचायत नवी होती. पाच पंचांपैकी दोघं हजर राहत आणि तिघं सह्या पाठवत. हजर राहणाऱ्यांत एक नरहरपंत, निजामाच्या वेळचे गिरदावर. चाळीस वर्षं शेतसाऱ्याचे कागद तपासून त्यांचा आवाजही कागदासारखा झाला होता. दुसरे बदरोद्दीनभाई, किराणा दुकानदार. चावडीवर बसलेले असले तरी त्यांचा एक कान दुकानाच्या दाराकडे असे.

पुंजारामाने सरळच सांगितलं. "इंजन सारी हीर उपसून राह्यलं. माझ्या पाळीला पानी उरंना. झाडं चालली."

लोकांनी चुळबुळ केली. काकासाहेबांनी उपरणं सावरलं.

"समजा," ते म्हणाले, "दोघं भाऊ जेवायला बसले. एक भराभरा जेवतो, एक रवंथ करत. पहिला हात धुऊन उठला. आता दुसरा म्हणतो, तू भराभरा का जेवलास? मला सांगा, यात पहिल्याचा काय गुन्हा?"

"गुन्हा कायका?" बदरोद्दीनभाई म्हणाले. "अपना अपना हाजमा."

सगळ्यांनी पुंजारामाकडे बघितलं. पुंजाराम खाली बघत होता. त्याला ते दोघं भाऊ दिसत होते. धाकट्याच्या मिशीला वरण लागलं होतं. बराच वेळ झाला, तो बोलेना, तेव्हा नरहरपंतांनी कागद गुंडाळला आणि लोक उठले.

घरी आल्यावर तुळजाबाईने काय झालं विचारलं. त्याने भावांचं सांगितलं.

"मंग तुमी काय म्हन्ले?"

"म्या बघत व्हतो."

"काय?"

"ते जेवत व्हते त्ये."

तुळजाबाईने कपाळाला हात लावला. पुंजाराम भाकरी खाऊन आडवा झाला, पण ते दोघं भाऊ काही त्याच्या डोळ्यांसमोरून उठेनात. एक गोष्ट त्याला नीट दिसत नव्हती, आणि ती विचारल्याशिवाय चैन पडण्यासारखं नव्हतं. सकाळी तो थेट चावडीवर गेला. काकासाहेब पान लावत होते, दोघे पंचही येऊन बसले होते.

"काकासाहेब, कालचे ते भाऊ. ते एका ताटात जेवत व्हते, का दोन?"

काकासाहेब हसले. "दोन ताटांत. एका ताटात जेवायला ते काय नवराबायको आहेत?"

"मंग बराबर हाय," पुंजाराम म्हणाला. "दोन ताटं असली तर कोन किती जल्दी जेवला, त्याचं दुसऱ्याला काय? आपली हीर एकच हाय, म्हनून इचारलं. एका ताटात असते, तर त्या हळू जेवनाराचं कसं झालं असतं?"

एवढं बोलून तो खरोखरच उत्तराची वाट बघत उभा राहिला. नरहरपंतांनी गुंडाळलेला कागद पुन्हा उलगडला. बदरोद्दीनभाई म्हणाले, "अरे, ये तो बात में बात निकली!"

काकासाहेब चिडले नाहीत. ताट गेलं तर गेलं, त्यांच्याकडे मांडवभर दृष्टांत होते. "बरं, ताट सोड," ते म्हणाले. "समजा, शहागडचा रस्ता आहे. सरकारी. तू बैलगाडीनं जातोस, मी मोटारीनं जातो. रस्ता एक, पाहिजे तर एक ताट म्हण. मी तुझ्याआधी पोचलो. मी तुझा रस्ता चोरला?"

हा दृष्टांत लोकांना फारच आवडला. त्यात मोटार होती.

पुंजाराम पुन्हा खाली बघू लागला. सगळ्यांना वाटलं, संपलं. आज मात्र तो चावडीवरच बसून राहिला. लोक निघून गेले, जेवून परत आले, तरी तो बसलेलाच. चावडीत दुपारी सावली बरी असते म्हणून कुणी त्याला उठवलं नाही. ऊन कलल्यावर त्याने मान वर केली.

"मोटार गेल्यावर मागं रस्ता उरतो का?"

"उरतो म्हणजे? कुठं जाईल?"

"म्हंजे तुमी गेल्यावर बी तेवढाच ऱ्हातो."

"तेवढाच."

"मंग हीर तशी न्हाई," पुंजाराम म्हणाला. त्याच्या बोलण्यात जिंकल्याचा सूर नव्हता. सापडलेलं ढोर बघून "हे आमचं न्हाई" असं सांगावं, तसं त्याने सांगितलं.

गावात याचा बोभाटा झाला. कुणी म्हणे, पुंजाराम आतून पक्का आहे. कुणी म्हणे, तुळजाबाई शिकवून पाठवते. दोन दिवस लोकांनी एकमेकांना ताट एक का दोन हे विचारून फार छळलं. बदरोद्दीनभाईंच्या दुकानात एकाने "उधारी म्हणजे पाहुणा" असं काहीतरी सुरू केलं, तर भाईंनी विचारलं, "पाहुणा किती दिवस राहणार?" आणि माणूस काडेपेटी न घेताच गेला.

पण रीत ती रीत. नरहरपंतांनी सांगितलं, "पुंजाराम, तू त्यांचे दोन दृष्टांत मोडलेस, ठीक. पण मोडण्यानं फैसला होत नाही. तुझं म्हणणं तूही मांडलं पाहिजेस."

"म्या तर पयल्याच दिवशी सांगितलं. झाडं चालली."

"तसं नाही. दृष्टांतात सांग."

हे अवघड काम होतं. नवराबायकोने मिळून रचायला घेतलं. तुळजाबाईने सुचवलेल्या पहिल्या दोन दृष्टांतांत काकासाहेबांना मांजर आणि जळू म्हटलेलं होतं. ते बाजूला ठेवले. तिसरा जमला. तो पुंजारामाने चार वेळा बैलांपुढे म्हणून बघितला आणि बैलांनी काही हरकत घेतली नाही.

"समजा," चावडीवर तो म्हणाला, आणि पुंजारामाच्या तोंडून हा शब्द ऐकून मागचे लोक उठून पुढे आले. "दोन घरांत मिळून एक म्हैस. एक दिवस धार या घरची, एक दिवस त्या घरची. आता एका घरानं असं पिळलं, असं पिळलं, की दुसऱ्या दिशी म्हैस कासंला हात लावू देईना. ह्ये बराबर हाय का?"

"बिलकुल नहीं," बदरोद्दीनभाई म्हणाले.

काकासाहेब पान चघळत शांत बसले होते. पिंक टाकून आले आणि म्हणाले, "म्हशीला चारा कोण घालतं?"

पुंजारामाने म्हैस डोळ्यांसमोर आणली. "दोन्ही घरं."

"दोन्ही?"

"हां."

"तीन सालांपूर्वी विहिरीतला गाळ कोणी काढला, पुंजा? झरे बुजले होते. माझी बारा माणसं नऊ दिवस पाण्यात बुड्या मारून गाळाच्या पाट्या भरत होती. तू कुठं होतास?"

पुंजाराम कुठे होता ते सगळ्यांना माहीत होतं. तो मोसंबीचे खड्डे खोदत होता. गाळ काढायला या म्हणून निरोप आला होता, आणि "येतो की" म्हणून तो गेला नव्हता.

पुंजारामाच्या जागी दुसरा कुणी असता तर म्हशीची शेपटी धरून तरी निसटला असता. पुंजारामाने म्हशीपुढची गव्हाण बघितली. तीत एकाच घरचा कडबा होता.

"त्ये बी खरंच," तो म्हणाला. "चारा तुमचाच व्हता. म्या धरून चाललो का दोघांचा हाय."

नरहरपंतांनी चष्मा काढून त्याच्याकडे बघितलं. गिरदावरीच्या सगळ्या नोकरीत, आपल्या विरुद्धची गोष्ट खरी आहे असं सांगणारा शेतकरी त्यांना भेटलेला नव्हता. या प्रकाराला कुठला रकाना लावावा हे त्यांना कळेना. काकासाहेबांनाही जिंकल्याचं सुख पुरतं झालं नाही. समोरच्याने हातपाय झाडले तर जिंकण्यात मजा. शिवाय ते मनाने वाईट नव्हते. इंजन नवं होतं, एवढंच.

"हे बघा," काकासाहेब म्हणाले, "दोघांचं थोडं खरं, थोडं खोटं. आता गाळाचं कोण किती, चाऱ्याचं कोण किती, हे उकरत बसायचं का? आपण एकदाची भाकर मोडू. एक भाकर, दोन भाऊ, मधोमध मोडली, अर्धी तुझी, अर्धी माझी. विहिरीत आज पहाटे पाणी दहा हात. मधोमध चुन्याची रेघ मारा. माझं इंजन सकाळी सुरू होईल, रेघेपर्यंत पाणी आलं की बंद. त्याखालचं पाच हात पाणी पुंजाचं. रोजच्या रोज. पाळी नको, दिवस मोजायला नको. आणि दर साली गाळ काढायला दोन्ही घरची माणसं. आहे कबूल?"

"वा!" बदरोद्दीनभाई म्हणाले. "इसको बोलते दिल."

नरहरपंतांनाही हे पसंत पडलं. निम्मं हा आकडा त्यांना नेहमीच निर्दोष वाटे. त्यांनी लिहायला घेतलं. लोक काकासाहेबांकडे कौतुकाने बघू लागले. तुळजाबाई चावडीबाहेर लिंबाखाली बायकांत उभी होती, तिनेही पदर सोडून पुन्हा नीट घेतला, म्हणजे तिला बरं वाटलं होतं. कागद झाला. शाईचं बोळकं पुढे आलं. काकासाहेबांनी झोकात सही केली.

पुंजाराम अंगठा पुढे करून थांबला.

"पुंजाराम, अंगठा," नरहरपंत म्हणाले.

"करतो. एक इचारायचं व्हतं. भाकर कशी मोडली?"

"कशी म्हणजे? मधोमध."

"न्हाई, म्हंजे उभी मोडली, का पापुद्रा काढला?"

मागे कुणीतरी हसलं. काकासाहेबांनी हात जोडले. "बाबा रे, भाकर मोडतात तशी मोडली. तुला पाहिजे तशी मोड."

"तसं न्हाई, काकासाहेब. उभी मोडली तर दोन्ही अर्ध्या सारख्याच. दोन्हीला पापुद्रा बी आन् बूड बी. पन तुमी रेघ आडवी मारली. म्हंजे वरचा पापुद्रा एकाचा, खालचं बूड एकाचं." तो नरहरपंतांकडे वळला. "बूड बी खाता येतं, त्याचं काही न्हाई. पन मला त्ये खाता येतं का, एवढं बघा. मोट काय हवेत न्हाई चालत. बैल धावंच्या उतारावरून खाली उतरतात तेव्हा मोट वर येती. धाव जेवढी लांब, तेवढीच मोट खोल जाती. आमची धाव वरच्या पाच हातांपुरतीच हाय, आन् पुढं ओढा हाय, वाढवावी म्हन्लं तर बैल ओढ्यात. त्या रेघेखालचं पानी मला वरून दिसंल. घेता यायचं न्हाई."

नरहरपंतांनी हजारो विहिरी कागदावर बघितल्या होत्या. मोट कधी हाकली नव्हती. बदरोद्दीनभाईंच्या घरी पाणी माठात असायचं. काकासाहेबांच्या घरी मोट होती, पण ती गडी हाकत. विहिरीचं वरचं पाणी आणि खालचं पाणी ही एकच चीज, असं त्या तिघांनीही न बोलता धरलं होतं, आणि न बोलता धरलेलं असल्यामुळे तिघांनाही ते धरल्याचा पत्ता नव्हता.

"काकासाहेब," नरहरपंत हळूच म्हणाले, "तुम्हाला हे ठाऊक होतं?"

काकासाहेब लालबुंद झाले. "आईची आण, डोक्यात आलं नाही! मी भाकर म्हटलं ते मनापासून म्हटलं."

ते खरंच होतं. पुंजारामाला तर त्यात शंकाच नव्हती.

"इंजनला कैसा?" बदरोद्दीनभाईंनी विचारलं. "उसकू वरचा खालचा कुछ फरक?"

काकासाहेबांनी उपरण्याने कपाळ पुसलं. मग म्हणाले, "इंजन खालचंही ओढतं, पण पाणी आधीच खाली गेलेलं असलं, तर वरून ते पाणी धरत नाही. विहिरीत निम्म्यावर, पाण्याच्या वर, दगडी टप्पा आहे, त्यावर उतरवावं लागेल. पण दोरखंडं बांधून एवढं धूड खाली सोडायचं म्हणजे... आणि मग सकाळी माझं इंजन गप्प, याची मोट चालणार, आणि मी वाट बघणार?"

"दुपारपर्यंतच," पुंजाराम म्हणाला. "दुपारला बैल सोडावेच लागतात. त्यांना इंजनासारखं न्हाई."

काकासाहेबांनी एक दृष्टांत काढायला तोंड उघडलं. "समजा..." ते म्हणाले. सगळी चावडी पुंजारामाकडे बघू लागली. पुंजाराम मान पुढे करून मन लावून ऐकत होता. काकासाहेबांनी त्याच्याकडे बघितलं, विचार केला, आणि म्हणाले, "काही नाही. पंत, लिहा. पापुद्रा त्याचा."

नरहरपंतांनी जुना कागद फाडला आणि नव्यावर लिहिलं: वरचे पाच हात पाणी पुंजारामाच्या मोटेस, सकाळी, खालचे देशमुखांच्या इंजनास, दुपारनंतर, तळ लागताच बंद, म्हणजे रात्रीत विहीर पुन्हा भरावी, गाळ दोघांनी, आणि येत्या साली एकट्या पुंजारामाने. शेवटचं कलम पुंजारामानेच घालायला लावलं. बारा माणसं नऊ दिवस, म्हणजे त्याचे आणि तुळजाबाईचे चोपन्न दिवस होतात, हे त्याने अंगठा उठवल्यावर मोजलं. बाहेर येऊन त्याने ते तुळजाबाईला सांगितलं. तेव्हा ती जे बोलली ते पंचायतीच्या दफ्तरात नाही.

इंजन तिसऱ्या दिवशी टप्प्यावर उतरलं. त्याला अठरा माणसं लागली, त्यांत पुंजाराम एक होता. चौथ्या दिवशी तांबडं फुटायला त्याने मोट जुंपली आणि ती भरून आली, दुसरी आली, शंभरावी आली. तुळजाबाई खाली दारं धरत होती. एका आळ्यात पाणी पुरतं झालं की फावड्याने माती ओढून पुढच्या आळ्याकडे वळवायची. माती इतकी तापलेली होती की पहिलं पाणी दिसायच्या आधीच नाहीसं व्हायचं. ती प्रत्येक झाडाशी वाकून खोड नखाने खरवडून बघत होती. आत हिरवं निघालं की पुढे.

उन्हं चटकायला लागली तेव्हा शेवटची ओळ भिजली. पुंजारामाने बैल सोडले आणि खाली आला.

"किती?" त्याने विचारलं.

"एकोनीस गेले. सारे खालच्या ओळीचे." तिने फावडं बांधाला टेकवलं. "त्ये भाकरीचं तुमाला सुचलं कसं?"

"सुचलं न्हाई," पुंजाराम म्हणाला. "मला खरंच कळत नव्हतं."

मागे विहिरीत इंजन सुरू झालं. खोलातून येत असल्यामुळे त्याचा आवाज आता पहिल्यापेक्षा बराच कमी होता. पुंजाराम गेलेल्या ओळीकडे गेला, पहिल्या झाडाचं खोड नखाने पुन्हा खरवडलं, आणि आत काहीच हिरवं नाही असं बघूनही त्याच्या आळ्यात तांब्यातलं उरलेलं पाणी ओतून आला.